शार्क कुणाकडची?

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, म्हणजे त्याच्याच शब्दांत सांगायचं तर त्याच्या 'कायमच्या डोकेदुखी'चा, वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द उगाच रीत म्हणून लिहिलेला नाही. मधले काही दिवस मी खरोखर वाकूनच चालत होते. त्याचं कारण पुढे येईल.) तुमची नवी कवळी बसली का, की अजून ती डबीत आणि तुम्ही दुधावर? यजमानांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, खोकला डॉक्टरला दाखवायचा असतो, नुसता शेजाऱ्यांना ऐकवून बरा होत नाही. आम्ही दोघं इथे धडधाकट आहोत. मध्यंतरी एकमेकांशी बोलत नव्हतो. आता बोलतो, आणि खरं दुखणं तेच आहे.

परवा फोनवर ह्यांनी तुम्हाला सांगितलं म्हणे की 'घरात जरा शास्त्रीय मतभेद झालेत'. शास्त्रीय! वन्सं, तुमचा भाऊ लंगोटात होता तेव्हापासून तुम्ही त्याला ओळखता. ज्या माणसाला स्वतःच्या कपाटातला स्वतःचा टॉवेल आजतागायत सापडलेला नाही, तो शार्क कुठल्या खणात बसतो हे जगाला सांगायला निघाला, तर त्याला मतभेद म्हणतात का? म्हणून म्हटलं, खरी हकिगत माझ्याकडून तुमच्या कानावर जावी. फोनवरच सांगितली असती, पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत ते आहेत.

तर आम्ही दोघं नोकरी करतो ते प्राणिसंग्रहालय, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांचं, तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही एकदा आला होता, पण गेंड्याजवळच्या बाकावर बसलात त्या संध्याकाळपर्यंत उठला नाहीत, म्हणून परत सांगते.) खालच्या मोठ्या दालनात गेंडा, अस्वल, हरणं अशी उभी राहणारी मंडळी. खालीच, मागच्या अंगाला, ठेंगण्या छताचं ह्यांचं दालन, त्यात बरण्यांतले मासे. आणि जिना चढून वर गेलं की माझं, पक्ष्यांचं. ही मांडणी जुन्या साहेबांची. जुने साहेब मुळात इमारती बांधणारे, प्राण्यांशी त्यांचा संबंध घरच्या मांजरीपुरता. त्यांनी सुटसुटीत नियम केला होता. जे आपल्या पायांवर उभं राहतं ते खाली, जे बरणीत मावतं ते मागे, आणि जे टांगावं लागतं ते वर, कारण वर तुळया आहेत आणि तुळयांना आकडे आहेत. गरुड टांगायचा, घार टांगायची, म्हणून ते वर. आणि शार्क? तो तर टांगल्याशिवाय राहतच नाही, म्हणून तोही वर! गेली कित्येक वर्षं घारी-गरुडांच्या मधोमध आ वासून शार्क लोंबकळतो आहे आणि कुणालाही त्यात वावगं वाटलेलं नाही. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो. काम नाही, धाम नाही, घरातली सगळ्यांत चांगली जागा, आणि येणारा-जाणारा त्यालाच बघायला.

हे शेवटचं जरा बोचतं, पण खरं आहे. माझ्या पक्ष्यांना बघायला कुत्रं येत नाही. (एकदा आलं होतं, त्याने बदकाचा पाय नेला.) घुबडाचा एक डोळा म्हणजे माझ्या जुन्या कोटाचं बटण आहे. मोराचा पिसारा इतका विरळ झालाय की त्याच्याकडे बघून लोक हळहळतात. पण शार्क बघायला लोक जिना चढून येतात, मुलं खाली उताणी झोपून त्याचे दात बघतात, आणि जाता जाता चुकून माकून एखाद्या घारीकडेही नजर टाकतात. माझं दालन चालत होतं ते जावईबापूंच्या पुण्याईवर. तिकडे ह्यांच्या दालनात मात्र दिवसभर बरण्या आणि ते असे एकमेकांकडे बघत बसायचे.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. वयाने आपल्या पोरींएवढ्या, केस बारीक कापलेले, चालणं असं की आपण उगाचच बाजूला व्हावं. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना एकत्र बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, यापुढे प्राणी आकड्याप्रमाणे नाही तर शास्त्राप्रमाणे लागतील, आधी संघ, मग वर्ग, मग गण, मग कुल, ज्याचं जे नातं त्याप्रमाणे. दुसरी, दोन लहान दालनांपैकी ज्यात माणसं कमी येतात ते बंद होईल, तिथे लोकांना बसून चहा घ्यायची सोय होईल, आणि ते दालन सांभाळणारं माणूस गोदामावर जाईल. गोदाम म्हणजे तुमच्या गावाबाहेरचं ते, जिथे शेपट्या तुटलेले वाघ ठेवतात.

आता हे मी हसत हसत लिहिते आहे, पण वन्सं, ती सभा संपल्यावर मला जिना चढवेना. दोन लहान दालनं म्हणजे एक ह्यांचं आणि एक माझं. कुठलंही बंद झालं तरी आमच्या दोघांतलं एक जण उठून तुमच्या गावाला जाणार आणि एक जण इथे राहणार. या वयात दोन गावी दोन चुली! ह्यांना चहाचं भांडं कुठलं आणि डाळीचं कुठलं हे कळत नाही. आणि मला, माझी मलाच लाज वाटते लिहायला, पण मला घरात कुणी खाकरल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणजे भांडण शार्कवरून झालं खरं, पण भीती ही होती. ती शेवटपर्यंत लक्षात ठेवा आणि मग मला काय बोलायचं ते बोला.

मला वाटलं होतं संध्याकाळी घरी जाऊन दोघं मिळून काहीतरी डोकं चालवू. ह्यांनी ते आधीच एकट्याने चालवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. (तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. इस्त्रीचा शर्ट हा माणूस लग्नाला किंवा दाढदुखीलाच घालतो.) माझ्या हातचा डबा घेतला, हूं की चूं केलं नाही, आणि संग्रहालयात जाऊन थेट बाईंच्या खोलीत शिरले. तिथे त्यांनी सांगितलं की शास्त्राप्रमाणे लावायचं म्हणता तर शार्क हा मासा आहे, सबब तो माझा आहे, तो माझ्या दालनात यावा. मला हे कळलं तिकीटखिडकीतल्या मावशींकडून. अख्ख्या संग्रहालयाला कळल्यावर बायकोला! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! संध्याकाळी विचारलं, तर म्हणतात कसे, अगं निदान एक दालन तरी वाचेल. म्हटलं, वाचेल ते तुमचं, मग मी गोदामात का? तर साळसूदपणे म्हणाले, "तिकडे ताई आहे ना, तुला सोबत होईल."

आता तुमची सोबत मला कडू आहे अशातला भाग नाही. पण नवऱ्याच्या ऐवजी नणंद, हा बदल कुठल्या बाईने हसत घेतलाय ते मला सांगा. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. म्हणजे मीठ आणि किल्ली एवढे दोन शब्द ठेवले.

आणि अभ्यासाला बसले. शेजारची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, तिची पुस्तकं मागून आणली. (ती म्हणाली, काकू, परीक्षा आहे का? म्हटलं, आहे, घरीच आहे.) पहिली पायरी प्राणिसृष्टी, तिथे आमचं दोघांचं दुमत नव्हतं. शार्क झाड नाही. पुढचा संघ. त्यात पाठीत दोरीसारखा आधार असलेले, कणा असलेले सगळे एकत्र, म्हणजे शार्क आला, घार आली, तुम्ही आलात, मी आले, तुमचे बंधूही आले, निदान शास्त्र तसं म्हणतं. पण पुढे वाचते तर काय, शार्कला कणा आहे आणि त्यात हाड नाही! अख्ख्या अंगात हाड म्हणून नाही. सगळी कूर्चा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्याला आणि कानाला जे मऊ, वाकणारं असतं ना, ते. कणा आहे पण हाड नाही, हे वाचल्यावर मला आपल्या घरातलं कोण आठवलं ते मी लिहीत नाही. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण.

तर मुख्य फाटा इथे आहे. आपण बाजारात जे बघतो आणि ह्यांच्या बरण्यांत जे आहेत ते हाडांचे मासे, त्यांचा खण वेगळा. शार्क कूर्चेच्या माशांत, आणि त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे ते चपटे, चाबकासारख्या शेपटीचे पाकट. हाडांच्या माशाच्या कल्ल्यावर झाकण असतं. शार्कच्या गालाला नुसत्या उघड्या चिरा, पडदा नाही, काही नाही. हाडांच्या माशांच्या पोटात बहुधा हवेची पिशवी असते, तिच्यावर तो आरामात तरंगतो. शार्कला ती नाही, त्याला पोहत राहावं लागतं. शार्कचे खवले म्हणजे बारीक बारीक दातच असतात. आणि तोंडातला खरा दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. (तुमच्या कवळीवाल्याला हे कळू देऊ नका, धंद्यावरचा त्याचा विश्वास उडेल.)

आणि मग ते पान आलं, वन्सं. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. पुस्तकात म्हटलं होतं की फार फार पूर्वी कूर्चावाले आणि हाडवाले वेगळे निघाले. पुढे हाडवाल्यांतलेच काही, जाडजूड परांचे, रांगत जमिनीवर आले. त्यांच्यापासून बेडूक, पाली, पक्षी, आणि आपण. म्हणजे नात्याने बघायला गेलं तर बरणीतला तो भोळसट रोहू हा घारीचा जवळचा आणि शार्कचा लांबचा! ह्यांचे मासे ह्यांच्या शार्कपेक्षा माझ्या पक्ष्यांच्या जास्त नात्यातले! मला इतका आनंद झाला की मी उठून स्वतःसाठी चहा केला. एकच कप.

ह्यांना पटतंय होय? बोलत नव्हतो, म्हणून भांडण आमटी वाढता वाढता भिंतीला उद्देशून चालायचं. भिंतीला ते म्हणायचे, कल्ले आहेत, पर आहेत, पाण्यात राहतो, मासा नाही तर काय चिमणी आहे? भिंतीला मी म्हणायचे, देवमासाही पाण्यात राहतो, नावातही मासा आहे, आणि पिल्लाला दूध पाजतो, तेव्हा राहत्या घरावरून कुळाची पारख करू नये. भिंतीला ते म्हणायचे, शार्क मासा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्यावर मी भिंतीला म्हटलं, तेच तर, शेंबड्या पोराच्या पुढे कुणी जायला तयार नाही. त्यांनी पंखा बंद केला. मी खिडकी उघडली.

पुढच्याच सोमवारी, संग्रहालय बंद असतं त्या दिवशी, ह्यांनी घाई केली. बाईंनी अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. पण ह्यांना वाटलं, एकदा शार्क खाली जाऊन बसला की बसला. सुतार आणि दोन रखवालदार घेऊन वर आले. मी खुर्ची टाकून बसले. शार्क खाली उतरवला, मोरावर धूळ पडली, आणि वरात निघाली. जिन्याचा कठडा घासू नये म्हणून ह्यांनी त्यावर पांघरुणं बांधली होती. कुणाची? आमच्या घरची! माझं निळं पांघरूण मी ओळखलं, पण बोलणं बंद असल्यामुळे ओरडता आलं नाही. जिना मधे वळतो हे तुम्हाला ठाऊक असेल. (तुम्ही वर आलाच नव्हता, नसेल ठाऊक. वळतो.) शार्कची लांबी वळणात बसणार का हे कुणी मोजलं नव्हतं. मला दिसत होतं का? दिसत होतं. कुणी विचारलं का? नाही. शार्क डोक्याकडून सुळकन खाली गेला, नाक वळणावरच्या भिंतीला टेकलं, शेपटी वरच्या कठड्यात अडकली, आणि बास.

मागे ओढा म्हणाले. आता शार्कच्या कातड्याची गंमत अशी की डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मखमल, आणि उलट फिरवला तर कानस. जाताना गेला होता मखमलीसारखा. मागे ओढायला लागल्यावर ते हजारो दात माझ्या निळ्या पांघरुणात रुतले. जितकं ओढावं तितकं घट्ट. सुताराच्या कोपराची सालं निघाली. एक रखवालदार खाली राहिला, एक वर, आणि ह्यांचा चेहरा असा झाला की बोलणं चालू असतं तर मी नक्की काहीतरी बोलले असते. शेवटी सगळे घरी गेले. शार्कचं डोकं ह्यांच्या बाजूला, शेपूट माझ्या बाजूला, आणि पोट जिन्यावर.

मंगळवारी संग्रहालय उघडलं. वर जायला दुसरा जिना नाही. मावशींनी तिकिटाबरोबर सांगायला सुरुवात केली, वाकून जा. आणि वन्सं, लोकांची जी झुंबड उडाली! शार्कच्या पोटाखालून रांगत जायला मिळतं म्हटल्यावर एकदा गेलेले परत रांगेत. आजोबा लोक रांगले. एक नवं लग्न झालेलं जोडपं रांगलं, आणि बराच वेळ पलीकडे आलंच नाही. मी रोज डबा घेऊन रांगत वर जायचे आणि रांगत खाली यायचे. माझी कंबर अजून बोलते आहे. आणि ह्यांची पंचाईत अशी की त्यांना वर येण्याचं काही कारणच नव्हतं, तरी दिवसातून दोनदा शार्कचं डोकं पुसायच्या निमित्ताने वळणापर्यंत यायचे आणि पोटाखालून माझ्या चपला दिसतात का बघायचे. चपला त्यांना दिसतील अशाच मी ठेवत होते, हेही सांगून टाकते.

अखेर बाईंनी न्याय करायचं ठरवलं, तोही जिन्यातच. हे खालच्या पायऱ्यांवर, मी वरच्या, मधे शार्क, आणि शार्कच्या खाली टॉर्च घेऊन बाई स्वतः बसलेल्या. त्यांनी आधी पोटाचे पर उचलून नीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं की ही मादी आहे. नराला तिथे बोटांसारखे दोन अवयव असतात, हिला नाहीत. इतकी वर्षं आम्ही ज्यांना जावईबापू म्हणत होतो त्या सूनबाई निघाल्या! मावशी खालून म्हणाल्या, तरीच कधी तक्रार केली नाही. मग बाईंनी ह्यांना बोलायला सांगितलं. हे कल्ले, पर, पाणी असं सगळं घडाघडा बोलले. मग मी बोलले. झाकण, पिशवी, खवले, हाड, कूर्चा, सगळं. आणि शेवटी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, बाई, नात्यानेच लावायचं असेल तर शार्क ह्यांच्याकडे जाण्याऐवजी ह्यांच्याच बरण्या वर माझ्याकडे आल्या पाहिजेत, कारण त्या माझ्या पक्ष्यांच्या नात्यातल्या आहेत.

बाई हसल्या. मला वाटलं चुकलं काहीतरी. पण त्या म्हणाल्या की हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दोघांपैकी कुणी तिथवर पोचतंय का तेवढं बघत होत्या. आणि वर म्हणाल्या की पुरतं पोचायचं असेल तर आणखी एक पाऊल टाका, त्या हिशोबाने हाडांच्या माशांच्या कुटुंबातच पक्षी येतात, आणि तुम्हीसुद्धा येता, म्हणजे नीट बघितलं तर तुम्हीही एक प्रकारचा मासाच आहात. तेवढ्यात शार्कच्या खालून, सगळ्या लोकांसमोर, तुमच्या भावाचा आवाज आला, "मग तर ही माझ्याकडचीच झाली!"

जिना हसला, वन्सं. सुतार हसला, रखवालदार हसले, ती रांगणारी माणसं हसली. मी पदर तोंडावर धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याबद्दल भिंतीला सोडून माणसांना काहीतरी बोलले होते.

मग निकाल झाला. शार्कसाठी एवढी माणसं येतात म्हटल्यावर बाईंनी तिला स्वतःचं घर दिलं. ह्यांचं खालचं दालन तिचं, सोबतीला गोदामातून आणलेले पाकट आणि बरणीतल्या मुशी, म्हणजे छोट्या शार्कच, सगळी कूर्चावाली मंडळी. छत ठेंगणं म्हणून ती टांगलेली नाही, सुताराने घडवलेल्या लाकडी घोड्यांवर ठेवली आहे. (कठडा कापून काढली. माझं निळं पांघरूण तिच्या अंगावरून निघालं ते जाळीसारखं.) मावशी खिडकी सांभाळत तिच्याकडेही बघतात. चहाची टेबलं बाहेर ओसरीवर गेली. दालन बंद नाही, गोदाम नाही, कुणी कुठे जायचं नाही. आणि हाडांचे सगळे मासे वर, पक्ष्यांबरोबर, एका दालनात. त्यांच्यासोबत त्यांचा सांभाळणाराही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण वन्सं, माझ्याच तोंडाने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. सकाळी घरून एकत्र निघायचं, दिवसभर समोरासमोर बसायचं, एका डब्यातून जेवायचं, संध्याकाळी एकत्र परत. माझ्या घुबडाशेजारी त्यांची बरणी, माझ्या फडक्याने त्यांची धूळ. मी येणाऱ्यांना घारीची माहिती सांगायला लागले की हे बाजूने खाकरतात आणि घार ही मूळची माशांतलीच असं जोडून देतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरी आल्यावर सांगायला काही उरत नाही. पूर्वी संध्याकाळी मी चहा टाकता टाकता दिवसभराचं सगळं सांगायचे, कोण आलं, काय म्हणालं, कुणी घुबडाचा डोळा ओढला. आता काय सांगू? ते तिथेच होते.

असो. पत्र लांबलं. तुम्ही जपून राहा, यजमानांना धाकात ठेवा, आणि उत्तर सावकाश आलं तरी चालेल, पण मला लिहा, ह्यांना नको.

तुमची, हाड असलेल्यांपैकी एक,
भावजय

ता. क. पाकीट टाकायला ह्यांच्याकडेच देणार आहे, कारण टपालपेटी त्यांच्या सिगारेटच्या दुकानाच्या वाटेवर आहे. (हो, अजून ओढतात. तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं ना?) डिंक भरपूर लावणार आहे, तेव्हा काळजी नसावी.

ता. क. दुसरं. ज्यासाठी एवढा प्रपंच केला ते राहूनच गेलं. तुमच्या गावाबाहेरच्या गोदामाचे मुकादम तुमच्या ओळखीचे आहेत ना? त्यांच्याकडे हळूच चौकशी करा, ती जागा अजून रिकामी आहे का. कायमची नको. दोन-एक महिन्यांची. ह्यांना पाठवीन किंवा मी येईन, कुणीही चालेल. मीच आले तर तुमच्याकडेच उतरेन, संध्याकाळी तुम्हाला दिवसभराचं सगळं सांगेन.

ता. क. तिसरं. ताई, अक्षर बदललंय ते माझं आहे. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं, डिंक खरंच भरपूर होता. शार्कबद्दल हिने लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, मी त्या मुलीकडून पुस्तक आणून ताडून बघितलं. हिला सांगू नकोस. सिगारेटचं खोटं आहे, म्हणजे आता रोज नाही. मुकादमांकडे जाऊ नकोस, जागा भरली असं कळव. हिला वाटतं संध्याकाळी सांगायला काही उरत नाही. मला सांगायला कधीच काही नव्हतं ताई, मी रोज फक्त ऐकायला घरी यायचो. आता दिवसभर ऐकायला मिळतं. जागा भरली म्हणून कळव, रिकामी असली तरी.